मास्तरीणबाईंची पांढरी शेवंती

मुलांनो, चीनमध्ये जाऊन तिथल्या माणसांकडून "बाई, जरा हळू बोला" असं ऐकून घेणारी व्यक्ती साऱ्या भारतात एकच निघेल, आणि ती आपल्या कोल्हापूरच्या घराच्या मागच्या कुंपणाला लागून राहत होती, याचा मला अजून अभिमान वाटतो. त्या देशातले लोक काही कुजबुजत बोलणारे नव्हेत. तिनेच मला लिहिलं होतं की तिथल्या भाजी मंडईत डोळे मिटून उभं राहिलं तर आपण आपल्याच मंडईत पिशवी घेऊन उभे आहोत असं वाटतं. अशा ठिकाणी जाऊन आवाजात पहिला नंबर पटकावणं हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हे.

गल्ली तिला मास्तरीणबाई म्हणायची. माझ्यापेक्षा ती वीस वर्षांनी लहान, तरी मीही तेच म्हणत आले. तिचं माहेर हुपरीचं. घरात चांदीचे पैंजण घडवायचा धंदा. एका खोलीत चार माणसं दिवसभर ठोकत बसलेली, आणि त्या टकटकीवरून आईला हाक ऐकू जायची तर पोटातून आवाज काढावा लागे. पुढे नोकरी लागली ती एका खेड्यातल्या शाळेत, एसटी स्टँडच्या भिंतीला भिंत लागलेली. तिथे सत्तावीस वर्षं तिने एसटीच्या हॉर्नवर मात करून इंग्रजी शिकवलं. सुट्टीच्या दिवशी ती मागच्या दारी उभी राहून कोणाशी फोनवर बोलू लागली की तुमचे आजोबा पुढच्या खोलीतून मला सांगत, "तिच्या भाचीला मुलगी झाली बरं का." फोनची तिला तशी गरज नव्हती, पण एखादी वस्तू हातात असली की बोलायला बरं वाटतं, एवढंच.

अनोळखी माणसाला ती "पावणं" म्हणे, मग तो गॅसवाला असो की बँकेचा मॅनेजर. आणि पावण्याला तीन प्रश्न विचारल्याखेरीज पुढे जाऊ देत नसे: गाव कुठलं, वय किती, लग्न झालंय का. मी लहानपणी कॉन्व्हेंटात शिकलेली. असं कुणाला विचारू नये हे आमच्या हाडात मुरलेलं. मी एकदा तिला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "काकू, मग बोलायचं तरी कशावर? हवेवर? हवा तर सगळ्यांची एकच हाय की." आपल्या बायका स्वतःबद्दल "मी येतो, मी जातो" असं पुरुषासारखं बोलतात, ते तुम्ही इथे आलात की तुम्हाला गमतीचं वाटतं. मास्तरीणबाई तसंच बोलायची, आणि तिच्या तोंडी ते इतकं शोभायचं की "मी येते" म्हणाली असती तर मला ती आजारी वाटली असती.

तिला फुलांचं फार वेड. शाळेला जाताना केसांत रोज फूल, आणि त्यातही पांढरी शेवंती मिळाली तर त्या दिवशी तिचा आवाज आणखी एक मजला वर चढे. पाच वर्षांपूर्वी तिचे यजमान अचानक गेले. मूलबाळ नव्हतं. तेराव्यानंतर ती कुंपणाशी आली तेव्हा केस मोकळे, कोरडे होते, आणि आवाज इतका खाली गेला होता की मला "काय म्हणालीस?" असं विचारावं लागलं. तिच्या जावेने फुलाची परडीच उचलून नेली होती. शाळेतल्या समारंभात तिला मागची खुर्ची मिळू लागली. दिराने सुचवलं की आता स्वेच्छानिवृत्ती घ्यावी आणि त्यांच्या घरी मागच्या खोलीत येऊन राहावं. नातवंडांना सांभाळायला माणूस हवंच होतं. आणि मी? संक्रांतीनंतर आपल्या घरी हळदीकुंकू असतं, बायका येतात, एकमेकींना कुंकू लावतात, फूल आणि वाण देतात. त्याची माझ्याकडे वहीत यादी असते. त्या वर्षी यादी करताना मी तिच्या नावावर पट्टी धरून सरळ रेघ ओढली, आणि संध्याकाळी तिळगुळाचा डबा कुंपणावरून तिच्या हातात दिला. तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. तिने डबा घेतला, दुसऱ्या दिवशी घासून, आत चार केळी घालून परत दिला. असं चार वर्षं चाललं.

मग तिचा पुतण्या साखळ्या करायचं मशीन आणायला चीनला गेला आणि मशीनबरोबर एक बातमी घेऊन आला. मशीनवाल्यांच्या गावात मुलांसाठी इंग्रजीची एक खाजगी शाळा होती आणि त्यांना अनुभवी शिक्षक हवा होता. मास्तरीणबाईने तीन दिवस विचार केला, म्हणजे तीन दिवस गल्लीत शांतता होती. चौथ्या दिवशी ती आली ती थेट स्वयंपाकघरात. "काकू, मला मुलाखतीचं इंग्रजी शिकवा. त्या मागच्या खोलीत मी न्हाय जानार."

महिनाभर आम्ही दुपारी जेवणाच्या टेबलावर बसून तयारी केली. तिचं व्याकरण माझ्याहून पक्कं होतं. मी फक्त आवाज उतरवायचा प्रयत्न केला आणि त्यात साफ हरले. मुलाखत संगणकावर होती, नेमकी माझ्या कुकरच्या वेळेला. पलीकडून कुणी तरी काही विचारलं, इकडे शिट्टी झाली, आणि मास्तरीणबाई पडद्यातल्या तीन चिनी माणसांना हात दाखवून ओरडली, "पावणं, जरा दम धरा!" मी कपाळाला हात लावला. पण नंतर कळलं, त्या दिवशी तिकडचं नेटवर्क इतकं वाईट होतं की सात उमेदवारांपैकी शेवटपर्यंत ऐकू आला असा एकच आवाज होता. तीन महिन्यांच्या बोलीवर तिला बोलावणं आलं. तीन महिने काम बघणार, पसंत पडलं तर ठेवणार, नाही तर परत. दीर म्हणाले, "दिवाळीनंतर येतीस बघ." जाऊ म्हणाली, "खोली झाडून ठेवतो."

निघण्याआधी ती नृसिंहवाडीला जाऊन आली आणि सामान बांधायला बसली. चार साड्या, दोन किलो कांदा-लसूण चटणी, एक लेझीम आणि पाच किलो आजऱ्याचा घनसाळ तांदूळ. "अगं, तांदळाच्या देशात तांदूळ घेऊन चाललीस?" मी म्हटलं. "त्यांचा त्यांस्नी, माझा मला," ती म्हणाली. विमानतळावर लेझीम बघून सुरक्षेचा माणूस विचारू लागला, हे काय हत्यार आहे. तिने ते शब्दांत न सांगता रांगेतून बाहेर येऊन पदर खोचला आणि आठ ठोके करून दाखवले. मागच्या एका साताऱ्याच्या कुटुंबाने शिट्टी मारली म्हणे. तांदूळ मात्र चीनमध्ये उतरल्यावर काढून घेतला. चटणी सुटली, कारण डबा उघडणारा अधिकारी जो शिंकत बाजूला गेला तो परत आलाच नाही.

दर रविवारी तिची मेल येई. ती मी छापून निळ्या फायलीत तारखेनुसार लावून ठेवली आहे. तुम्ही याल तेव्हा वाचा. पहिल्या पत्रात ती खूश होती. "काकू, हा देश आपलाच हाय. बसमधे बसलो तर शेजारच्या म्हातारीनं पयल्या दमात ईचारलं, वय किती, पोरं किती, नवरा काय करतो. मोबाईलवर भाषांतर करून ईचारलं, पन ईचारलं! सत्तावीस वर्सं मी पावन्यांस्नी ईचारलं, आज मला कुनीतरी ईचारलं." त्या भागातले लोक तिखट खाण्यात स्वतःला वस्ताद समजतात. शाळेतल्या शिक्षकांनी पाहुणीची गंमत करायला लाल तेलात बुडवलेली भाजी पुढे ठेवली. तिने ती संपवली, पर्समधून चटणीची बाटली काढून वर घालून दुसऱ्यांदा घेतली, आणि मग बाटली त्यांच्याकडे सरकवली. "दोघं रडलं, काकू. गनिताचा मास्तर अजून माझ्याकडं बगून पानी पितो."

वर्गात तिने तिचीच पद्धत सुरू केली. एक लेझीम चाळीस मुलांना पुरेना, तेव्हा तिने कपड्यांचे हँगर जमवले, त्यांना बाटल्यांची पत्र्याची झाकणं ओवली आणि इंग्रजी क्रियापदं लेझमीच्या ठोक्यावर बसवली. "स्टँड" म्हटलं की उभं, "बेंड" म्हटलं की वाकायचं, "टर्न" म्हटलं की गिरकी. हळू बोलणाऱ्या मुलाला ती मागच्या भिंतीपाशी उभं करी आणि म्हणे, तुझं वाक्य माझ्यापर्यंत आलं पाहिजे, न आलं तर मी घ्यायला येणार नाही. मुलं तिला "पावनं टीचर" म्हणू लागली.

दुसऱ्या आठवड्यात तिला शाळेच्या वाटेवर, एका दवाखान्यासमोर फुलांचं दुकान दिसलं, आणि दुकानात बादलीभर पांढरी शेवंती. ती लिहिते, "काकू, मी तिथं उभाच राह्यलो. मग मनात म्हनलं, हितं मला वळखतंय कोन? जाऊबाई हाय का दीर हाय?" चार वर्षांनी तिने केसांत फूल घातलं. आणि काय आश्चर्य! त्या दिवसापासून साऱ्या शाळेने तिला डोक्यावर घेतलं. ती शिक्षकांच्या खोलीत आली की बोलणं थांबे, कुणीतरी उठून खुर्ची देई. झाडणारी बाई तिला पाहून मान खाली घाली आणि गरम पाण्याचा पेला हातात देई. दुकानदारीण फुलं देताना तिचा हात हातात घेऊन थोपटे. तिचा एखादा तास दुसरंच कुणी घेऊन टाकी. "लई मायाळू लोक, काकू. आपल्यात येवढी माया न्हाय," अशी पत्रामागून पत्रं आली. मला जरा लाजल्यासारखं झालं, कारण 'आपल्यात' मी होतेच.

नऊ आठवडे गेले. मग एका गुरुवारी तिथल्या मुख्याध्यापिकेने, वयाने तिच्या भाचीएवढी असेल, तिला खोलीत बोलावून दार लावलं आणि फार जपून विचारलं, "तुमच्या घरी कोण गेलं?"

"कोणी नाही. का?"

"मग हे फूल? नऊ आठवडे झाले. आम्ही सगळे काळजीत आहोत."

तेव्हा उलगडा झाला. त्या लोकांत घरचं माणूस गेलं की बायका केसांत पांढरं फूल घालतात. पांढरी शेवंती तर प्रेतावर वाहायची. दवाखान्यासमोरचं ते दुकान अंत्यविधीच्या हारांचं होतं. मास्तरीणबाई म्हणाली, "मॅडम, माझा नवरा चार वर्षांपूर्वी गेला. आमच्याकडे नवरा गेला की बाईच्या केसांतलं फूल काढतात."

"काढतात?"

"काढतात. तिथं माणूस गेलं म्हणून फूल काढलं, इथं फूल घातलं म्हणून तुम्ही विचारता कोण गेलं. आता मी करू तरी काय?"

ती लिहिते की यावर आधी ती पोरगी हसली, मग ही हसली, आणि मग दोघींनी डोळे पुसले. पण मुख्याध्यापिकेने खरी गोष्ट पुढे सांगितली. पालकांच्या तक्रारी आल्या होत्या. बाईंचा आवाज फार मोठा. शिवाय जाहिरातीत सोनेरी केसांच्या बाईंचं चित्र होतं आणि आलेल्या बाई तशा नव्हत्या. दुःखातल्या माणसाला हे कसं सांगायचं म्हणून तिने आजवर सांगितलं नव्हतं. म्हणजे त्या शेवंतीनेच नऊ आठवडे हिची नोकरी राखली होती. आता शनिवारी पालक वर्गात येऊन बसणार होते, आणि तास संपल्यावर ठेवायचं की नाही ते कागदावर लिहून देणार होते. "त्या दिवशी पांढरं फूल घालू नका," ती म्हणाली. "मुलांच्या वर्गात लोकांना अपशकुन वाटेल. लाल घाला, नाही तर नुसतेच केस."

त्या रात्री, रविवारच्या मेलची वाट न बघता, तिचा फोनच आला. आवाज खाली गेलेला, तेराव्यानंतरचा. "काकू, काय करू? घातलं तर लोक घालवनार. न्हाय घातलं तर मी माझ्यातनंच गेलो म्हना की." माझी सवय अशी की अशा वेळी मी कागदावर दोन रकाने पाडते. मी पाडले. दोन्ही रकाने भरले आणि सारखेच आले. मी म्हटलं, "अगं, मला काही सुचत नाही." तेव्हा पलीकडून तिचा ओळखीचा आवाज आला, "बरं झालं. तुमाला सुचलं असतं तर मला ऐकावं लागलं असतं. एकदा काढलं, आता न्हाय काढनार."

शनिवारी ती पांढरी शेवंती घालून वर्गात गेली. मागे पालक, आणि पालकांहून जास्त आजी-आजोबा. तिकडे नातवंडांना शाळेत आणणं-नेणं त्यांच्याकडेच. फूल पाहताच मागे कुजबुज झाली, एक आजी उठून दाराकडे निघाली. मास्तरीणबाईने धडा फळ्यावर लिहिलाच नाही. ती मुलांना इंग्रजीत म्हणाली, "आज तुम्ही मला प्रश्न विचारायचे. जे मनात असेल ते." चाळीस मुलांत एक मुलगी अशी होती की जिचा आवाज दोन महिन्यांपूर्वी पहिल्या बाकापर्यंत पोचत नसे. ती मागच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिली, आणि तिथून तिने ठणठणीत इंग्रजीत विचारलं, "टीचर, तुमच्या केसांत पांढरं फूल का आहे? कोण गेलं?"

"कोणी नाही," मास्तरीणबाई म्हणाली. "माझ्या गावात हे आनंदाचं फूल आहे. मला आवडतं म्हणून मी घालते. आता हे तुमच्या घरच्यांना तुमच्या भाषेत सांगा." आणि चाळीस मुलं एकदम मागे वळून आपापल्या आजी-आजोबांना सांगू लागली. दारापर्यंत गेलेल्या आजीला तिच्या नातवाने बाही धरून बसवलं. मग हँगर निघाले, "स्टँड" झालं, "बेंड" झालं, आणि "टर्न" म्हटल्यावर गिरकी घ्यायला मुलांबरोबर दोन आयाही उठल्या. शाळेच्या फाटकाचा रखवालदार काय झालं म्हणून धावत आला आणि दारातच ताल धरून उभा राहिला.

सगळ्यांत जास्त तक्रारी करणारे एक आजोबा पहिल्यापासून हाताची घडी घालून बसले होते. तास संपल्यावर ते उभे राहिले. ते चिनीत काहीतरी लांबलचक बोलले, मुख्याध्यापिकेने इंग्रजी केलं. ते म्हणाले, मला कमी ऐकू येतं, हे मी घरी कुणाला सांगितलेलं नाही. ती भिंतीपाशी उभी असलेली माझी नात आहे. आज तिचं वाक्य मला पहिल्यांदा सबंध ऐकू आलं. या बाईंना ठेवा. एवढं बोलून त्यांनी आपला कागद वर धरला. इतका वर की मागच्यांना काही दिसेना.

त्या संध्याकाळचा फोन तुमच्या आजोबांनी अंगणातून ऐकला, मी माजघरात कानाला लावला होता तरी. "काकू, ठेवलं! दोन वर्सं ठेवलं!" सोमवारी वर्गात तीन मुली केसांत फूल घालून आल्या. लाल आणि पिवळं. पांढऱ्यापर्यंत घरच्यांची तयारी अजून झाली नव्हती.

चिनी नववर्षाची सुट्टी आपल्या संक्रांतीच्या सुमारास येते. ती येणार असं कळल्यावर मी यादीची वही काढली. खोडलेलं नाव पुसता येईना, शाईचं होतं. मी नवीन पान घेतलं आणि पहिल्या ओळीवर तिचं नाव लिहिलं. रथसप्तमीच्या आदल्या दिवशी हळदीकुंकू झालं. बायका बसल्या होत्या, तिची जाऊही होती, आणि ती फाटकातून आली, केसांत पांढऱ्या शेवंतीची अख्खी वेणी. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मी पुढे होऊन तिला हळद लावली, कुंकू लावलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं, "चार वर्षं मी डबा कुंपणावरून दिला. चुकले." इतक्या मोठ्याने मी आयुष्यात बोलले नव्हते. ती म्हणाली, "असूद्या काकू, डबा चांगला हुता." मग जावेकडे वळली. "काय वो जाऊबाई, खोली झाडून ठेवली व्हती न्हवं? आता त्यात कांदं ठेवा." पहिली हसली ती जाऊच. तिने उठून हिच्या वेणीचं एक सुटलेलं टोक खोचून दिलं, आणि मग साऱ्या बायका हसत सुटल्या.

पंधरा दिवसांनी ती परत गेली. जाताना शेवंतीची एक कुंडी कुंपणावर ठेवून गेली. ती मी सांभाळते. पाणी सकाळी, खत महिन्याच्या पहिल्या रविवारी. मागच्या घराच्या खिडक्या बंद असतात. गल्लीत कुणाच्या भाचीला काय झालं हे आता आम्हाला कळत नाही. तुमचे आजोबा म्हणतात, फार शांत झालंय, आणि रेडिओ उगीच मोठा करतात.

परवा कुंडीला पहिलं फूल आलं. आजोबा म्हणाले, "घाल की." लग्नानंतर सणवार सोडून मी कधी फूल घातलेलं नाही, मला काहीतरी निमित्त लागायचं. घातलं, त्यांनी फोटो काढला, आणि तो मी तिला पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आलं: "काकू, लई झ्याक दिसतायसा. कोन गेलं?"

मी खिडकीशी बसून, मागच्या बंद घराकडे बघत, उत्तर लिहिलं: "कोणी नाही. आवडतं म्हणून घातलं."